इतिवृत्तात न घेतलेलं

मी नगरपालिकेची लेखनिक.
बोललेलं लिहायचं, खोकलेलं सोडायचं.
म्हणून हे वेगळ्या कागदावर.

नोव्हेंबर. तीन वाजताच फियोर्डवर अंधार.
श्येलविकच्या शाळेची व्यायामशाळा, एकतीस खुर्च्या,
वॉफल, कॉफी, आणि पडद्यावर एक आलेख
जो दोन हजार चाळीसपाशी
पडद्याबाहेर निसटून
बास्केटबॉलच्या कडीला जाऊन भिडतो.

ओस्लोहून आलेली टिरिल रंग समजावून सांगते.
करडा हायड्रोजन : नैसर्गिक वायूतून काढलेला,
मागे उरलेला कार्बन आभाळात.
निळा : तोच, पण कार्बन समुद्राखाली पुरलेला.
हिरवा म्हणजे तुमचा.
तुमचा धबधबा, तुमचं पाणी, बाकी काही नाही.

मागच्या रांगेत माझे वडील हसले.
(मी खोकला समजले.)
ओद्दवार, वय एक्क्याऐंशी.
इथल्याच विद्युतघटांच्या हॉलमध्ये तेहतीस वर्षं,
पोटॅशच्या पाण्यानं नखं कायमची जाड झालेली.
"त्याला रंग नसतो, पोरी.
असता, तर मी खराटा घेऊन कशाला हिंडलो असतो?"

कुणी हसलं नाही. जुन्यांना माहीत होतं,
नव्यांना कळलं नाही.

हायड्रोजन पेटला तर दिवसाउजेडी ज्योत दिसत नाही.
धूर नाही, वास नाही,
अंगाला चटका बसेपर्यंत काहीच नाही.
म्हणून पाइपांच्या बोळातून चालताना
बर्चच्या काटक्यांचा लांब दांड्याचा खराटा
समोर धरायचा, आंधळ्यानं काठी धरावी तसा.
टोक पेटलं की थांबायचं.
आई दर शरदात काटक्या बांधायला बसायची
आणि मला वाटायचं,
कारखान्यात केर फार होत असणार.

"किलोमागे वीज किती?" त्यांनी विचारलं.
"पन्नास-पंचावन्न युनिट."
"आमच्या वेळेला पण जवळपास तेवढीच.
आणि तीच वीज केबलनं दक्षिणेला विकली तर?"
टिरिलनं पुढची स्लाइड लावली.
जर्मनीतला पोलादाचा कारखाना. अमोनियावर चालणारी जहाजं.
"घेणार कोण, ते सांग."
"इरादापत्रं आलीत. चार."
"सह्या आहेत?"
"इरादा आहे."

हे मात्र मी इतिवृत्तात घेतलं :
'मागणीबाबत सविस्तर चर्चा झाली.'

मग ते उभे राहिले, म्हणजे खुर्चीला धरून राहिले.
आमच्या वायूचं खत व्हायचं, म्हणाले.
कुठल्याशा देशात, मी कधी न पाहिलेल्या,
आमच्या धबधब्यावर भात पिकायचा.
मग कुठेतरी वायू स्वस्त निघाला.
धबधबा तोच होता, पाणी तेच,
माणसं तर इतकी तीच होती
की शुक्रवारी घरी पाठवली आणि सोमवारी
सवयीनं फाटकापाशी येऊन उभी राहिली.
मी तुझ्या विरोधात नाही, म्हणाले. कारखाना यावा.
माझा नातू ट्रोम्सोत पिझ्झा पोचवतो.
फक्त त्याला सांगू नका की हे नवीन आहे.

मतदान : अकरा विरुद्ध सहा.
जुन्या हॉलची जागा अठरा महिने राखीव,
भाडं नाममात्र, मुदतवाढीची सोय.
वडील सदस्य नाहीत, त्यांचं मत मोजायचं नव्हतं.
हात मात्र वर होता. बाजूनं.

मी प्रोजेक्टर बंद केला.
आलेख गेला. कडी राहिली,
जाळी फाटलेली.

बाहेर थांब्यावर टिरिल त्यांच्याशेजारी उभी,
शहरी बुटांत पाय आपटत.
"खराटा पेटल्यावर ज्योत कशी दिसायची?"
"पिवळी."
"म्हणजे रंग असतो तर."
"तो खराट्याचा," वडील म्हणाले.
ती काहीतरी विचारणार होती बहुतेक,
वही काढली होती, हातमोजा दातांत,
तेवढ्यात बस आली.
डिझेलची. वीस मिनिटं उशिरा.